पाच देश, चौदा दिवस आणि गुरुजींचा गुडघा

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक, राहणार लातूर. वय 63, पत्नी 58. औशाकडे थोडी कोरडवाहू जमीन आहे. एका सहल कंपनीचं पत्रक हाती आलंय : ‘छोटा गट, फक्त 12 जण, 14 दिवसांत केनिया, टांझानिया, युगांडा, झिंबाब्वे, बोत्स्वाना.’ आम्ही दोघं शाकाहारी, माझा गुडघा कुरकुरतो. बायको म्हणते, एवढा खर्च करायचाच तर सगळं एकदाच बघून येऊ. भाऊ म्हणतो, इथं रोह्यांनी (नीलगायींनी) अन् रानडुकरांनी हरभरा ठेवला नाही, आणि तू पैसे मोजून जनावरं बघायला निघालास! काय करावं? – एक वाचक, लातूर

उत्तर : गुरुजी, जा. पण या पत्रकावर जाऊ नका.

हिशेब तुम्हीच मांडा. चौदातले दोन दिवस येण्याजाण्याचे. पाच देश म्हणजे चार वेळा देश बदलणं, आणि प्रत्येक बदलात विमानतळ, रांग, शिक्का, बॅगा, नवा चालक यात दिवस संपतो. उरले आठ. आठ दिवसांत पाच देश बघायचे म्हणजे जेवणावळीत प्रत्येक पंगतीला बसून पहिल्या वाढपाला उठण्यासारखं आहे.

केनिया आणि टांझानिया एवढे दोनच घ्या. केनियातलं मसाई मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी हे खरं तर एकच सलग माळरान. दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट (मोठ्या हरणांची एक जात) गवत-पाण्यामागे त्यात वर्षभर फिरत असतात. त्यांना मधली सीमा नाही, आपल्याला आहे. पर्यटकांना तिथून थेट पलीकडे जाता येत नाही, इसेबानिया किंवा नामांगाच्या नाक्यावरून वळसा पडतो आणि सहसा गाडी-चालक दोन्ही बदलतात. तो दिवस प्रवासात गेला असंच धरा. मारात तीन रात्री, सेरेंगेटीत तीन, टांझानियातल्याच न्गोरोंगोरो विवराला एक, यापेक्षा कमी कुणी देत असेल तर वाटाघाट करा. व्हिक्टोरिया धबधबा आणि चोबेचे हत्ती एकमेकांपासून फार लांब नाहीत. ती झिंबाब्वे-बोत्स्वानाची वेगळी सहल होते, पुढे कधीतरी करा.

युगांडा तुमच्यासाठी नाही, हे वहिनींना स्पष्ट सांगा. तिथला खरा खर्च गोरिलांचा. युगांडात परमिट 800 डॉलर, रवांडात 1500. निसरड्या डोंगरात कधी तासभर, कधी अर्धा दिवस चढायचं आणि गोरिलांजवळ मिळतो एक तास. गुडघा असा असताना नकोच. आणि पत्रकाच्या किमतीत हे परमिट धरलंय का, तेही बघा.

‘छोटा गट’ या शब्दाला भुलू नका. गटात किती हे विचारू नका, गाडीत किती ते विचारा. छत वर उचलणाऱ्या लँड क्रूझरमध्ये सहा जण बसले तर प्रत्येकाला खिडकी मिळते. बारा जण असतील तर दोन गाड्या हव्यात, आणि हे लेखी घ्या. रस्ते असे आहेत की चालक हसत हसत त्याला ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतात. मागच्या चाकावरची जागा गुडघ्याला नको, पुढची मागून घ्या. अभयारण्यात मनाला येईल तिथं उतरता येत नाही, लघवीलासुद्धा ठरलेल्या ठिकाणीच. साठीनंतर हा प्रश्न सिंहापेक्षा मोठा असतो, म्हणून चालकाला सकाळीच सांगून ठेवा. लाजू नका.

आता महिना. मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर. पेरण्या, कोळपण्या उरकून ऑगस्टात निघालात तर सोयाबीन काढणीच्या आत घरी याल. कळप काठावर तासन् तास उभा राहतो आणि मनात आलं तर माघारी फिरतो, त्याची हमी देणारा खोटं बोलतो. मला विचाराल तर फेब्रुवारी. तेव्हा सेरेंगेटीच्या दक्षिणेला एन्दुतूकडे विल्डबीस्टची वीण असते, हजारो पाडसं आणि त्यांच्या मागावर चित्ते, तरस. एप्रिल-मे मात्र टाळा. माराची जमीन तुमच्या औशासारखीच काळी आहे, आणि मोठ्या पावसात तिच्यात गाडी रुतली की काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू!

पीतज्वराची (यलो फीव्हर) लस हा विषय सोपा समजू नका. केनियाहून परतताना तिचं प्रमाणपत्र नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात. लस सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते आणि टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. नंतर ते आयुष्यभर चालतं. पण साठीनंतर पहिल्यांदाच घेताना गंभीर त्रासाचा धोका थोडा वाढतो, म्हणून आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. अंड्याची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. मलेरियाच्या गोळ्याही तेव्हाच लिहून घ्या.

जेवणाची काळजी सोडा. केनियातलं नैरोबी, टांझानियातलं अरुशा इथं गुजराती कुटुंबं पिढ्यान् पिढ्या आहेत, आणि चपाती तर केनियातल्या घराघरांत होते. मक्याच्या पिठाचा उगाली, राजम्यासारखी उसळ, पालेभाजी, तुम्हाला परकं काही वाटणार नाही. शेंगदाण्याची चटणी न्या, पण पातळ पिशवीत नको : प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून बंदी आहे. डबा किंवा कापडी पिशवी बरी. गडद निळे-काळे कपडे टाळा, त्से-त्से माशी त्या रंगांवर येते. स्वेटर घ्या. न्गोरोंगोरोचा कडा समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच आहे, पहाटे दात वाजतात.

भावाच्या प्रश्नाला मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. तो बरोबर विचारतोय. ज्याचा हरभरा जातो त्याला जनावराचं कौतुक कसं वाटावं? माराच्या कडेला मसाई जमातीच्या जमीनमालकांनी आपापली जमीन एकत्र करून खासगी राखीव रानं केली आहेत. तिथले पर्यटकांचे कॅम्प त्यांना जमिनीचं भाडं देतात, गुरंही ठरल्याप्रमाणे चरतात. म्हणजे सिंह जिवंत राहिला तर मालकाच्या घरात पैसा येतो. सगळं गोडीगुलाबीचं नाही, भाड्यावरून आणि चराईवरून कुरबुरी होतातच. पण निदान हिशेब मांडलाय. आपल्याकडे पंचनाम्याच्या पुढं गाडी सरकत नाही. एक-दोन रात्री अशा रानात घाला. गाड्या कमी असतात आणि मुख्य अभयारण्यात बंद असलेली रात्रीची फेरी इथं करता येते. केनियातल्याच त्सावो अभयारण्याजवळच्या सगाला भागात तर शेताभोवती तारेवर मधमाश्यांच्या पेट्या टांगतात. हत्तीचा धक्का लागला की तार हलते, पेट्या डुलतात, माश्या उठतात आणि हत्ती माघारी. वर मध मिळतो. रोह्याला हे चालेल का? मला शंका आहे. पण भावाला हे सांगा, आणि जमलं तर त्यालाच बरोबर न्या. बारा जणांच्या गटात उगाच ‘वॉव’ करणाऱ्यांपेक्षा तो चालकाला नेमके प्रश्न विचारेल.

---

प्रश्न : मी 34 वर्षांची, परभणीत बँकेत आहे. अनोळखी लोकांच्या गटात एकटीनं परदेश सहलीला जावं का? एकटीला जास्त पैसे का सांगतात? – एक वाचक, परभणी

उत्तर : जा ग. जास्त पैसे खोलीचे असतात. खोली दोघींत वाटून घ्यायची तयारी दाखव, मग ते बहुधा माफ होतात. ट्रकमधून तंबू घेऊन फिरणाऱ्या गटात खर्च कमी, पण तंबू ठोकणं, भांडी घासणं पाळीनं सगळ्यांना. आणि परदेशी सहलीवर कापलेला टीसीएस (सहल कंपनी आधीच घेते तो कर) विवरणपत्रात वळता करून घ्यायला विसरू नकोस, बँकेत असूनही लोक विसरतात.

---

प्रश्न : परवडत नाही, पण फ्लेमिंगो बघायचेत. केनियातल्या लेक नाकुरूशिवाय पर्याय? – विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : पैठणला जा बाळा. हिवाळ्यात जायकवाडीच्या उथळ पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगोच, येतात. दुर्बीण उसनी घे, पहाटे पोच, आणि पाणी किती उतरलंय ते आधी फोन करून विचार. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर पक्षी लांब बसतात.