चाळीस सिनेमांची यादी

प्रिय बेटा,

तू पाठवलेली यादी परवा रात्री अंगणात खाटेवर पडल्या पडल्या वाचली. पंचवीस हिंदी, पंधरा मराठी. खाली तुझं वाक्य: "मॅडम, निकाल लागेपर्यंत एवढे संपवायचे आहेत. अजून कोणते टाकू?"

यादी चांगली आहे. माझं मन अडलं ते 'संपवायचे' या शब्दापाशी. दहावीच्या वर्षभर तू धडे संपवले, प्रश्नसंच संपवले, सराव पेपर संपवले. ते करावंच लागतं. पण सुट्टीतही तोच शब्द तुझ्या मागं यावा, हे मला सोसलं नाही. म्हणून यादीत भर घालायच्या ऐवजी मी तुला उलटं सांगते. तीस नावं खोडून टाक. उरलेले दहा सिनेमे प्रत्येकी दोनदा पाहा. पहिल्यांदा एकटीनं पाहिलास तरी चालेल, पण दुसऱ्यांदा घरातलं कुणीतरी शेजारी पाहिजे.

असं का म्हणते, त्यासाठी मला माझ्या लहानपणात जावं लागेल.

मी आठ-नऊ वर्षांची असताना आमच्या गावात गणपतीत पडद्यावर सिनेमा दाखवायचे. दोन कडुनिंबांच्या मध्ये पांढरं कापड ताणलेलं असायचं. समोर गावातले पुरुष आणि पोरं. आम्ही बायका-पोरी कापडाच्या मागच्या बाजूला, तट्ट्यावर. मागून चित्र दिसायचं, पण सगळं उलटं. अक्षरं उलटी, उजवा हात डावीकडं. त्या वर्षी 'दो बीघा ज़मीन' लागला होता. बिमल रॉय यांचा, १९५३ सालचा. कर्जात बुडालेला शंभू दोन बिघे जमीन वाचवायला कोलकात्याला जातो आणि माणसानं ओढायची रिक्षा ओढतो. एका ठिकाणी रिक्षात बसलेला माणूस त्याला अजून जोरात, अजून जोरात पळायला लावतो आणि शेवटी चाक निखळतं. ते चाक माझ्या आठवणीत विहिरीकडच्या निंबाच्या दिशेनं गेलं. माझ्या आईनं तेव्हा माझा हात असा दाबला होता की दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

पुढं नोकरी लागली, घरात ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही आला आणि दूरदर्शनवर तोच सिनेमा पुन्हा लागला. पहिल्यांदाच मी तो समोरून पाहत होते. रिक्षा दुसऱ्याच बाजूला पळाली. पण मी दचकले ते त्यामुळं नाही. लहानपणी मला फक्त चाक दिसलं होतं, आता रिक्षात बसलेल्या माणसाचा चेहरा दिसला. तो मजेत होता. तेवीस-चोवीस वर्षांची शिक्षिका मी, मला त्या चेहऱ्याचा जो राग आला तो आठ वर्षांच्या पोरीला येणंच शक्य नव्हतं. सिनेमा तोच होता बेटा. मधल्या काळात मी सावकाराच्या ओट्यावर उभा असलेला माझा बाप पाहिला होता.

तुझ्या यादीत हा सिनेमा आहे. बाबांसोबत पाहा. शंभूच्या हिशेबानं कर्ज ६५ रुपये असतं आणि जमीनदाराच्या वहीत ते २३५ निघतं. तिथं थांबव आणि बाबांना विचार, हे कसं होतं. तुझे बाबा फार बोलत नाहीत हे मला माहीत आहे. पण या प्रश्नावर बोलतील, आणि ते तू नीट ऐकून घे. बलराज साहनी या भूमिकेसाठी कोलकात्याच्या रस्त्यावर खरोखर रिक्षा ओढायला शिकले होते. त्यांच्या खांद्यांकडं आणि पायांकडं लक्ष दे, मग ते वेगळं सांगावं लागणार नाही.

त्या कापडावरच्या सिनेमाची अजून एक गोष्ट. मशीन लहान, १६ मिलिमीटरचं. एक मोठं रीळ पाऊण तासात संपायचं. मग दिवा लागायचा, माणूस दुसरं रीळ चढवायचा, आणि तेवढ्यात पडद्यामागं आमची सभा भरायची. "आता त्याची बायको गावात एकटी काय करन वं?" "पोरगं तरी संग नेलं ते बरं केलं." एकीला सासर आठवायचं, एकीला दुष्काळ. पुढचं रीळ लागेपर्यंत आम्ही पुढची अर्धी गोष्ट स्वतःच रचलेली असायची. आज तुझ्या मोबाईलवर एक सिनेमा संपला की नावं पूर्ण वर सरकायच्या आधीच दुसरा सुरू होतो. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद कर. सिनेमा झाल्यावर पाच मिनिटं काहीच लावू नको. आपल्याकडं तर लाईनच जाते मध्ये. गेली तर चिडू नको, अंगणात ये आणि जे पाहिलं ते कुणालातरी सांगायला लाग.

सिनेमाच्या धंद्यात आपला विदर्भ अजूनही 'सीपी बेरार' या नावानं ओळखला जातो, हे तुला माहीत आहे का? सेंट्रल प्रॉव्हिन्सेस आणि बेरार हा इंग्रजांच्या काळातला प्रांत. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला, नकाशे बदलले. पण सिनेमांचं वितरण करणाऱ्यांच्या वहीत तो जुना प्रांत तसाच राहिला. अमरावती हे त्याचं मोठं ठिकाण. रिळांच्या पत्र्याच्या पेट्या तिथून एसटीच्या टपावर लादून तालुक्याला यायच्या. आमच्या गावात जो सिनेमा पोहोचायचा त्याच्यावर तोवर इतक्या रेघा पडलेल्या असायच्या की उन्हातल्या सीनमध्येही पाऊस पडतोय असं वाटायचं. आम्ही तो पाऊसही सिनेमाचाच समजून पाहिला. तुला आज स्वच्छ चित्र मिळतं, तेही वाटेल तेव्हा. याचा मला मनापासून आनंद आहे.

आता आजीकडं येते. आजीसोबत 'संत तुकाराम' पाहा. १९३६ सालचा, पुण्याच्या प्रभातचा. दामले आणि फत्तेलाल यांनी केलेला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. तुझ्या यादीत तो नाही, मीच घालतेय, तेव्हा तुझे अकरा झाले. पहिल्यांदा पाहशील तेव्हा विष्णुपंत पागनिसांच्या चेहऱ्यावरून तुझी नजर हटणार नाही. तो शांतपणा मी दुसऱ्या कुठल्या नटाकडं पाहिला नाही. दुसऱ्यांदा पाहताना मात्र जिजाईकडं बघ. घर ती ओढते, पोरं ती सांभाळते, देवाशी भांडतेही तीच. मी माझ्या सासूबाईंसोबत पाहिला तेव्हा त्या अर्ध्यातच म्हणाल्या, "देवमाणूस आहे, मान्य आहे बापा. पण घरात दाणा नाही तर लेकरायले काय अभंग खाऊ घालन?" मी तोवर तीनदा पाहिलेला सिनेमा त्या एका वाक्यानं पुरता हलला. सासूबाई अभंग रोज म्हणायच्या आणि त्यांनी घरही अंगावर झेललं होतं. दोन्ही बाजू त्यांना एकाच वेळी दिसल्या. तुझी आजीही काहीतरी म्हणेल. काय म्हणाली ते मला लिहून पाठव.

हसायचे सिनेमे कमी का, असं विचारशील. अजिबात नको कमी करू. 'अशी ही बनवाबनवी' तुला पाठ आहे हे वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तो १९८८चा. त्याच्या आधी १९६६ साली हृषीकेश मुखर्जींनी 'बीवी और मकान' नावाचा हिंदी सिनेमा केला होता. मराठीची गोष्ट तिथूनच आलेली आहे. भाड्यानं घर मिळत नाही म्हणून मित्रांपैकी दोघं बायका होतात, हे दोन्हींत सारखं. दोन्ही लागोपाठच्या दोन दिवसांत पाहा आणि मराठीत आल्यावर काय काय आपलं झालं ते शोध. मला यात फार मजा येते. तसंच 'सैराट' आणि 'धडक'चं कर. 'सैराट' २०१६चा, करमाळ्याकडच्या मातीतला. त्याचाच हिंदी अवतार 'धडक' दोन वर्षांनी आला आणि गोष्ट उदयपूरला गेली. तलाव आले, हवेल्या आल्या. आणि काय निसटलं? मी सांगत नाही. तू आपल्या तालुक्यात वाढलेली मुलगी आहेस, कोणत्या विहिरीवर कोण पाणी भरतं हे तुला कळतं.

'सैराट'ची गाणी तू शंभरदा ऐकली असशील. अजय-अतुलनी त्यातलं वाद्यवृंदाचं संगीत अमेरिकेत लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं. ते चांगले इअरफोन लावून एकदा ऐक, भावाचे माग. मग याच सिनेमाच्या शेवटाला संगीत कसं अजिबात नाही ते ऐक. हो, ऐकच म्हणते. कुठं वाजवायचं हे कळणारे पुष्कळ आहेत. कुठं थांबायचं हे कळणारा दिग्दर्शक दिसला की मी त्याचं नाव लक्षात ठेवते.

बोलीबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. कथाकथन स्पर्धेत तू 'मले', 'तुले' म्हणालीस आणि पोरं हसली, तेव्हा तुझा चेहरा उतरला होता. मी तेव्हा काही बोलले नाही, याची मला आजही खंत आहे. आपली बोली पडद्यावर बरीच वर्षं गड्यासाठी नाहीतर हसवणाऱ्या पात्रासाठी ठेवली गेली. म्हणून तू २०१८चा 'नाळ' पाहा. त्यातला चैत्या आपल्यासारखं बोलतो. आईशी भांडतो, रुसतो, रडतो, सगळं याच बोलीत. त्या पोराचं दुःख बघून कुणी हसत नाही. आणि २०२२चा 'झुंड' पाहा. त्याच्या मागं नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे आणि त्यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना लावलेला फुटबॉल आहे. 'सैराट'वाल्याच नागराज मंजुळेंनी त्यात नागपूरचीच पोरं घेतली. ती अभिनय शिकलेली नव्हती. त्यांची हिंदी ऐक, अर्धी मराठीत भिजलेली, बसस्टँडवर ऐकू येते तशीच. अमिताभ बच्चन समोर असूनही ती पोरं बोलताना दबत नाहीत.

एका सिनेमाबद्दल मात्र सांभाळून सांगते. 'गाभ्रीचा पाऊस', २००९चा, सतीश मनवर यांचा. विदर्भातलं कापसाचं शेत, पाऊस हुलकावणी देतोय, शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलाय. आपल्याही नवऱ्याच्या मनात तेच आहे की काय या भीतीनं बायको त्याच्यावर डोळा ठेवते, पोरालाही त्याच्या मागं मागं पाठवते. काही जागी हसू येतं आणि लगेच घशात आवंढा येतो. माझ्या मते आपल्या भागाबद्दलचा हा फार खरा सिनेमा आहे. पण पेरणीच्या तोंडावर तुमच्या घरात तो लावू नको. मृगाकडं डोळे लागलेल्या माणसासमोर तो लावायचा नसतो. आणि तुझ्या काकांचं झालं त्याला अजून वर्षही झालं नाही. दिवाळीत माझ्याकडं ये, आपण दोघी पाहू. मध्येच बंद करावासा वाटला तर बंद करू.

बाकीची नावं तू निवड. मारधाडीचे ठेवायचे तर ठेव, मला चालतात. फक्त दुपारी कूलरसमोर झोपून मोबाईल छातीवर ठेवून पाहू नको. मान दुखते आणि अर्धा सिनेमा झोपेत जातो. दुपारी आईला कुरडया घालायला हात लाव. सिनेमा रात्री.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आत एका शनिवारी मी तुमच्याकडं येते. लहान प्रोजेक्टर आहे माझ्याकडं, पांढरी चादरही आणते. तुमच्या गोठ्याच्या भिंतीला वर दोन खिळे आहेत का ते पाहून ठेव, नसतील तर भावाला ठोकायला सांग. शेजारच्या बायकांना आधीच सांगून ठेव, म्हणजे त्या स्वयंपाक लवकर उरकतील. आणि आजीची खाट अगदी पुढं टाक, पडद्यासमोर, मधोमध.

तुझी,
मॅडम