रांगेने खणलेले खड्डे कशासाठी?

प्रश्न : आमच्या हरिपुरात हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायला जमिनीत खणलेली कोठारं, होती. ती भरताना आणि उघडताना मी लहानपणी पाहिली आहेत. २००५च्या पुरात त्यांतली बरीच गेली. इंग्लंडमध्ये शेतांखाली इतिहासपूर्व काळातल्या खड्ड्यांच्या लांबच लांब रांगा सापडतात, असं अलीकडे वाचलं. तीही धान्याची पेवंच असणार, असं मला वाटतं. बरोबर आहे का?
— एक वाचक, हरिपूर (सांगली)

उत्तर : पेवं इंग्लंडमध्येही होती, पण या रांगांमध्ये नव्हती. हॅम्पशर परगण्यात डेनबरी नावाची लोहयुगातली डोंगरी गढी आहे. पुरातत्त्वज्ञ बॅरी कन्लिफ यांनी तिथे १९६९ ते १९८८ या काळात उत्खनन केलं. मऊ, पांढऱ्या खडकात खणलेले दोन हजारांहून जास्त खड्डे निघाले. त्यांतल्या कित्येकांचं तोंड अरुंद आणि पोट मोठं. तुम्ही पाहताक्षणी ओळखाल. पीटर रेनॉल्ड्स यांनी बटसर इथल्या प्रायोगिक शेतावर असे खड्डे खणून त्यांत खरोखर धान्य साठवून पाहिलं. तोंड मातीने लिंपून बंद केलं की कडेचे थोडे दाणे मोड धरतात, आतला प्राणवायू वापरून टाकतात, कर्बवायू साठतो आणि बाकीचं धान्य झोपल्यासारखं पडून राहतं. हिवाळा उलटल्यावर काढलं तर ते पेरायलाही चालतं. पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही, हा तुमच्याकडचा दंडक याच कारणासाठी आहे.

आता रांगांकडे येऊ. नेन, ट्रेंट, ग्रेट ऊझ या नद्यांची खोरी आणि यॉर्कशरचे माळ इथे त्या मोठ्या संख्येने आहेत. बहुतेक इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या, म्हणजे कांस्ययुगाच्या अखेरीच्या आणि लोहयुगातल्या. एकेक खड्डा मीटर-दोन मीटर रुंद, साधारण मीटरभर खोल, पुढचा थोड्या अंतरावर. काही रांगा किलोमीटरच्या किलोमीटर जातात. हे खड्डे वरून उघडे आणि पसरट. नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या जमिनीत ते खणले तर खालून पाणी झिरपतं. त्यात धान्य ठेवणारा शेतकरी जगात सापडणार नाही. वस्तीपासूनही ते बरेचदा दूर असतात.

पण मला सगळ्यात खात्रीचा वाटतो तो आतल्या मातीचा पुरावा. खड्डा सापडला की आम्ही उत्खनन करणारे तो सरसकट उपसत नाही. मधोमध दोरी लावून अर्धाच काढतो. उरलेल्या अर्ध्याची उभी भिंत खुरप्याने साफ करायची, तिच्यावर पाण्याचा हलका फवारा मारायचा, म्हणजे थर एकेक करून उठून दिसतात. घोड नदीच्या खोऱ्यात मी नवखी असताना चरावर काम करणाऱ्या एका मावशींनी मला आधी हाताने ओळखायला शिकवलं. “बाई, हितली माती भुसभुशीत लागतीया, हितं कुणीतरी आधी उकरलंय,” असं त्या म्हणाल्या आणि बोटाने कड आखून दाखवली. खणल्यावर कड तिथेच निघाली. वापरातून गेलेल्या पेवात शेवटी राख, हाडं, खापरं, घरचा केरकचरा पडतो. इंग्लंडमधल्या रांगांतल्या खड्ड्यांत बहुधा यातलं फारसं काही नसतं. कडा ढासळून पडलेली खडी, तिच्यावर पाण्यात संथपणे बसलेला बारीक गाळ. म्हणजे खड्डे खणले आणि ते बराच काळ तसेच उघडे होते.

मग ते कशासाठी? हद्दीसाठी, असं बहुतेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं. यावर नेहमीची शंका अशी की दोन खड्ड्यांमधून गुरं सहज निघून जातील, मग हद्द कसली? उपसलेल्या मातीची वरंबी शेजारी असू शकते. पुढच्या नांगरटीत ती जाते. पण मुळात हद्दीने अडवलंच पाहिजे असं कुठे आहे? आपल्या शेताचा बांध कुणाला अडवतो? तरी तो कोरला तर पिढ्यान्‌पिढ्या भांडण चालतं. काही ठिकाणी खड्डे बुजल्यावर त्याच रेषेवर पुढे सलग चर खणलेला आढळतो, म्हणजे रेषेची आठवण टिकून होती. एकाच रांगेत काही अंतरापर्यंत खड्डे चौकोनी आणि पुढे गोल, असंही दिसतं. निरनिराळ्या घरांनी किंवा टोळ्यांनी आपापल्या वाट्याचं खणलं असावं, असं मला वाटतं. तसं असेल तर एकत्र येऊन खणणं हाच तो करार होता.

तुमच्या ओळखीत एखादं पेव अजून शाबूत असेल तर कृपा करून त्याची मापं घ्या, उभ्या छेदाचं चित्र काढा आणि भरणाऱ्या-लिंपणाऱ्या माणसांकडून पद्धत लिहून घ्या. हे काम लगेच करण्याचं आहे. पेव भरलेली माणसं आज म्हातारी झाली आहेत.

प्रश्न : स्कॉटलंडमध्ये बारा खड्ड्यांचं दहा हजार वर्षांपूर्वीचं ‘कॅलेंडर’ सापडलं म्हणतात. हे कितपत खरं?
— एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : खड्डे खरे आहेत, वयही खरं आहे. कॅलेंडर हा अर्थ आहे, आणि तो मला पूर्ण पटलेला नाही.

जागा अ‍ॅबरडीनशरमधल्या क्रेथ्स इथली, वॉरेन फील्ड नावाचं शेत. १९७६ साली विमानातून पाहणी करताना ते नजरेत आलं. बुजलेल्या खड्ड्यातली माती ओल धरून ठेवते. कोरड्या उन्हाळ्यात आजूबाजूचं पीक पिवळं पडलं तरी तेवढ्या जागी ते हिरवं आणि उंच राहतं. जमिनीवरून काही कळत नाही, वरून ठिपके दिसतात. २००४ ते २००६ मध्ये उत्खनन झालं. सुमारे ५० मीटर लांबीच्या हलक्या कमानीत १२ खड्डे, आणि आतल्या कोळशाचं वय इसवी सनापूर्वी ८००० च्या आसपास. तिथे तेव्हा शेती नव्हती. शिकार करणारी, कंदमुळं गोळा करणारी माणसं होती.

२०१३ साली पुरातत्त्वज्ञ व्हिन्सेंट गॅफनी आणि सहकाऱ्यांनी मांडलं की बारा खड्डे म्हणजे बारा चांद्रमास, आणि खड्ड्यांचे आकार चंद्राच्या कलांशी जुळतात. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्षाहून ११ दिवसांनी कमी. आपण ही तूट अधिक मास घालून भरून काढतो. तिथल्या लोकांना दक्षिणपूर्वेच्या डोंगरातल्या खिंडीत हिवाळ्यातल्या सर्वांत छोट्या दिवशी उगवणारा सूर्य पाहून दरवर्षी मोजणी जुळवता येत असे, असा त्यांचा तर्क.

तर्क सुंदर आहे. पण सगळे खड्डे एका वेळी खणलेले नसतील तर ‘बारा’ या आकड्याचा आधार डळमळतो. डोंगराळ मुलखात कुठल्याही ओळीसमोर एखादी खिंड यायचीच. बारा या आकड्यापेक्षा मला गुंतवून ठेवते ती दुसरीच गोष्ट : यांतले काही खड्डे बुजल्यावर पुन्हा उकरलेले आहेत, आणि इसवी सनापूर्वी ४००० च्या सुमारास, पहिले शेतकरी तिथे आले तेव्हाही त्यांत हालचाल झाली. याच शेतकऱ्यांच्या काळात शेजारी लाकडी खांबांचं भलं मोठं घर उभं राहिलं. हजारो वर्षं जमिनीवर काहीतरी खळगं, काहीतरी खूण दिसत राहिली असणार. तू या विषयाकडे वळणार असशील तर आकडे मोजण्याआधी थर वाचायला शीक.

प्रश्न : स्टोनहेंजजवळचं खड्ड्यांचं प्रचंड कडं माणसांनी केलेलं आहे की नैसर्गिक?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ही शंका रास्तच होती. २०२० मध्ये स्टोनहेंजजवळच्या डरिंग्टन वॉल्स या मातीच्या प्राचीन गोल बांधाभोवती दोन किलोमीटरहून जास्त व्यासाच्या कड्यावर हे खड्डे असल्याचं जाहीर झालं. प्रत्येकी सुमारे १० मीटर रुंद, ५ मीटर खोल. त्या भागातला खडक पाण्यात विरघळतो आणि आपोआपही खळगे पडतात, म्हणून काही अभ्यासकांनी आक्षेप घेतला. पुढे नळ्या खाली घालून तळापर्यंतची माती काढली गेली, मातीवर शेवटचं ऊन कधी पडलं ते प्रयोगशाळेत मोजलं गेलं. दूरदूरच्या खड्ड्यांत भराव सारख्याच क्रमाने झालेला दिसतो, आणि काळ नवाश्मयुगाच्या अखेरीचा, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा येतो. नैसर्गिक खळगे असे एकसारखे भरत नाहीत. म्हणून माझं मत माणसांच्या बाजूने आहे.