दख्खनच्या दंग्यांवरचा प्रबंध आणि परत आलेलं दुसरं प्रकरण

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध जे दंगे केले, त्यांवर तुम्ही पीएच.डी. करताय. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं दुसरं प्रकरण गाइडनी "ही यादी झाली, आढावा कुठे आहे?" असा शेरा मारून परत केलंय. तुम्हाला विचारायचंय की संदर्भ किती पुरतात, दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या आयोगाचा, दुसऱ्याच्या पुस्तकात वाचलेला अहवाल स्वतःच्या तळटिपेत घालावा का, इंग्रजीतून मराठीत आणलेल्या मजकुराला संदर्भ लागतो का, आणि श्रीगोंद्याकडच्या तुमच्या गावात आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टीचं काय करायचं. मी इतिहास शिकवते, बरीच वर्षं प्रबंध वाचते आणि तपासते. दुसऱ्या प्रकरणापाशीच बहुतेकांचं घोडं अडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही नमुन्यादाखल दिलेला परिच्छेद असा आहे: "रविंदर कुमार (१९६८) यांनी पश्चिम भारताचा अभ्यास केला आहे. नील चार्ल्सवर्थ (१९७२) यांनी दंग्यांचा अभ्यास केला आहे. सुमित गुहा (१९८५) यांनी मुंबई इलाख्यातील दख्खनच्या शेतीच्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास केला आहे." यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण कोण कोणाशी भांडतंय हे वाचणाऱ्याला कळत नाही. चार्ल्सवर्थ यांच्या लेखाचं नावच 'द मिथ ऑफ द डेक्कन रायट्स ऑफ १८७५' असं आहे. एखादा अभ्यासक 'मिथ' हा शब्द थेट मथळ्यात घालतो, तेव्हा त्याच्या आधी कोणीतरी ती गोष्ट फार मोठी मानलेली असते. तुमचा आढावा तिथून सुरू व्हायला हवा.

तोच मजकूर असा लिहून बघा: "दख्खनचे दंगे हे इथल्या ग्रामीण इतिहासातलं मोठं वळण मानलं जात होतं. चार्ल्सवर्थ यांनी १९७२मध्ये या समजुतीलाच हात घातला. दंग्यांची व्याप्ती आणि परिणाम दोन्ही फुगवून सांगितले गेले, असं त्यांचं म्हणणं. पण दंगे एवढे किरकोळ होते, तर १८७९चा शेतकरी साहाय्य कायदा करण्याची निकड सरकारला का वाटली, हा प्रश्न शिल्लक राहतो." आता वाद दिसतो, आणि तुमच्या प्रबंधाला शिरायला फटही दिसते. गाइड 'आढावा' म्हणतात ते हेच.

हे आपोआप सुचत नाही, त्यासाठी तक्ता करावा लागतो. वहीचं पान आडवं धरा. डावीकडे एकाखाली एक ग्रंथ लिहा. वर रकाने आखा: दंग्यांचं कारण काय सांगितलंय, व्याप्ती किती, पुरावा कुठला वापरलाय, परिणाम काय मानलाय. प्रत्येक ग्रंथ वाचून झाला की त्याची ओळ भरा, पान क्रमांकासकट. आणि लिहायला बसाल तेव्हा ओळ वाचू नका, रकाना वाचा. ओळ वाचलीत की "अमुक यांनी अमुक म्हटलं आहे" हीच यादी पुन्हा तयार होते. रकाना वरून खाली वाचलात की एकाच प्रश्नावर पाच जणांची पाच मतं समोर येतात आणि परिच्छेद जुळायला लागतो.

या तक्त्यातल्या 'पुरावा कुठला' या रकान्याकडे विद्यार्थी फारसं बघत नाहीत, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. तुमच्याच विषयात बघा. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात जमाव जमला. हे सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामतीत आहे. लोकांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि ते जाळले. पुढे हे लोण नगरकडे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत भागात गेलं. ही हकीकत तुम्ही तीन जागी वाचलीत: एका आधुनिक पुस्तकात, १८८५च्या पुणे गॅझेटिअरमध्ये (जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात) आणि दंगे आयोगाच्या अहवालातल्या उताऱ्यात. तळटिपेत तिन्ही नावं घातलीत, म्हणजे तीन साक्षीदार मिळाले असं वाटतं. पण गॅझेटिअरने ही माहिती आयोगाच्याच अहवालावरून घेतलीय, आणि आधुनिक पुस्तकाची तळटीप पुन्हा त्या दोघांकडेच बोट दाखवते. म्हणजे साक्षीदार एकच, आणि तोही सरकारने नेमलेला. सरकारच्या महसूल आकारणीमुळे दंगे झाले का, हे आयोगाला तपासायचं होतं. आयोगाने सरकारी आकारणीला दोष दिला नाही, सावकारांना दिला. बारावीच्या एनसीईआरटीच्या इतिहासाच्या पुस्तकातही असे अहवाल जपून वाचायला सांगितलंय. मग पीएच.डी.च्या आढाव्यात आयोगाचा निष्कर्ष 'संशोधनाने सिद्ध झालेलं कारण' म्हणून येता कामा नये. इंदापूरची महसूल आकारणी १८६७मध्ये नव्याने ठरवली गेली, अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५मध्ये संपल्यावर कापसाचा भाव पडला. या गोष्टींना कोणता अभ्यासक किती वजन देतो, ते तुमच्या रकान्यात उतरलं पाहिजे.

आता दुसरा प्रश्न: अहवाल स्वतः पाहिला नसताना तळटिपेत घालावा का? घालू नका. ज्या पुस्तकात वाचलात त्याचं नाव द्या आणि "मधून उद्धृत" असं लिहा. यात कमीपणा नाही. माझ्या प्रबंधात मी नेमकं उलटं केलं होतं. एका ग्रंथातली तळटीप पान क्रमांकासकट उचलली आणि अहवाल स्वतः वाचल्यासारखी माझ्या नावावर लावली. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी शांतपणे विचारलं, "हे पान मुख्य अहवालातलं की परिशिष्टातलं?" अहवालाला परिशिष्टं आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. खोलीतली ती शांतता मला अजून आठवते. त्यानंतर मी विद्यार्थ्याच्या प्रबंधातली जुनी सरकारी तळटीप पहिल्यांदा तपासते.

हा काटेकोरपणा नुसत्या रिवाजासाठी नाही. १९८०मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. इस्पितळात अफूजन्य वेदनाशामकं दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसन लागल्याची नीट नोंद असलेले फक्त चारच सापडले, एवढंच त्यात होतं. २०१७मध्ये त्याच नियतकालिकात काही संशोधकांनी मोजदाद केली. तोवर त्या पत्राचा ६०८ वेळा हवाला दिला गेला होता. सुमारे ७२ टक्के जणांनी ते या औषधांनी व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून वापरलं, आणि सुमारे ८१ टक्के जणांनी हे रुग्ण इस्पितळात दाखल झालेले होते हे सांगितलंच नाही. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्या माणसाबद्दल त्या पत्रात काही नव्हतं. पाच वाक्यं वाचायला कितीसा वेळ लागतो? अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने किती घरं उद्ध्वस्त झाली हे माहीत असल्यामुळे ते आकडे वाचताना मला अस्वस्थ व्हायला होतं.

म्हणून मूळ कागदापर्यंत जाता येतं का ते आधी बघा. जुने अहवाल इंटरनेट आर्काइव्हवर शोधा. तिथे नाही मिळाले तर पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय आहे, मुंबईत राज्य पुराभिलेखागार आहे, तिथे महसूल खात्याचे खंड मागवता येतात. गूगल स्कॉलरवर चार्ल्सवर्थ यांचा लेख काढून त्याचा हवाला पुढे कोणी दिला ते बघा; डेव्हिड हार्डिमन यांचं १९९६चं 'फीडिंग द बनिया' हातात घेऊन त्याच्या तळटिपांवरून मागे मागे जा. मराठी साहित्य मात्र या वाटेने फारसं सापडत नाही. त्यासाठी शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' उघडा, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने काढलेली नियतकालिकांची सूची बघा, आणि शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, मराठी व इंग्रजी दोन्ही शब्दांनी शोधा. ग्रंथालयात गेलात की तिथल्या जुन्या माणसांशी बोला. कार्डावर नसलेला खंड कुठल्या कपाटात आहे ते त्यांना माहीत असतं.

किती संदर्भ पुरतात? याला आकडा नाही. नवा लेख उघडल्यावर त्याच्या तळटिपांत सगळी नावं ओळखीची दिसायला लागली की थांबा.

इंग्रजीतून मराठीत आणलेल्या मजकुराबद्दल मला जरा स्पष्ट बोलायचंय, कारण मराठी प्रबंधांत हे सर्रास चालतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या नियमांप्रमाणे दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही, आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य मोजणीतून वगळलं जातं. सॉफ्टवेअरचा रिपोर्ट स्वच्छ आला म्हणजे काम भागलं, असं विद्यार्थी धरून चालतात. गुहा यांच्या पुस्तकातलं अर्धं पान मराठीत आणलंत तर ते साम्य सॉफ्टवेअरला बहुधा दिसणारही नाही. पण मांडणी त्यांची, उदाहरणं त्यांची, युक्तिवादाचा क्रम त्यांचा. भाषा तेवढी तुमची. त्याला संदर्भ लागतो, आणि शब्दशः भाषांतर असेल तर अवतरणचिन्हं घालून "भाषांतर प्रस्तुत लेखकाचे" असंही लिहावं लागतं. सोपा उपाय सांगते: ते पान वाचा, पुस्तक मिटा, चहा घेऊन या, आणि मग आठवेल तसं स्वतःच्या शब्दांत लिहा. लिहून झाल्यावर पुस्तक उघडून तपासा आणि पान क्रमांक टाका.

चॅटजीपीटीसारख्या साधनाने दिलेले संदर्भही या निमित्ताने सांगून ठेवते. लेखक खरा, नियतकालिक खरं, पण तो लेख कधी लिहिलाच गेला नाही, असे संदर्भ माझ्यापर्यंत आलेत. प्रत्यक्ष लेख डोळ्यांसमोर उघडला नसेल तर तो सूचीत येऊ देऊ नका.

आवृत्तीचंही बघा. तुमच्या सूचीत 'शेतकऱ्याचा असूड' समोर नुसतं १८८३ लिहिलंय आणि पान क्रमांक दिलाय. १८८३ हे जोतीराव फुल्यांच्या लेखनाचं साल. तुम्ही वाचलंत ते 'समग्र वाङ्मया'त. त्याची कीर-मालशे संपादित आवृत्ती १९६९ची, य. दि. फडक्यांनी संपादित केलेली १९९१ची, आणि दोन्हींत पानं जुळतीलच असं नाही. दोन्ही सालं द्या, मूळ लेखनाचं आणि हातातल्या प्रतीचं, आणि संपादकांचं नावही द्या. जुन्या मराठी पुस्तकावर शके असेल तर छापलंय तसंच ठेवून पुढे इसवी सन लिहा. शके १७९७ म्हणजे १८७५-७६. यासाठी झोटेरो हे संदर्भ नोंदवायचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. पण त्याने तयार केलेल्या मराठी नोंदी हाताने तपासा. आडनाव आणि पहिलं नाव यांची त्यात अदलाबदल होते.

आणि आजोबांची गोष्ट. ती सोडू नका. सावकाराच्या वह्या वाड्यासमोर कशा पेटवल्या हे त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलं असेल, तर ती मौखिक साधन म्हणून देता येते. सांगणाऱ्याचं नाव त्यांच्या संमतीने, गाव, मुलाखतीची तारीख, रेकॉर्डिंग कोणाकडे आहे, हे तळटिपेत लिहा. मात्र ती १८७५चा पुरावा म्हणून वापरू नका. दीडशे वर्षांनी त्या गावाला काय आठवतं, याचा तो पुरावा आहे. तुमच्या तक्त्यात तिला स्वतंत्र ओळ द्या. 'पुरावा कुठला' या रकान्यात आयोगाचं नाव नसलेली ती कदाचित तुमची पहिलीच ओळ असेल. आजोबा आहेत तोवर पुढच्या सुट्टीत गावी जाऊन नीट रेकॉर्ड करून या. प्रकरण दोन महिने उशिरा दिलंत तरी चालेल.