कंपनी गावात कोणत्या नात्याने येते

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

नामिबियातील कॉन्झर्व्हन्सींसाठी, म्हणजे गावांनी मिळून चालवलेल्या संरक्षण क्षेत्रांसाठी, पर्यटन कंपन्यांशी करायच्या करारांचे मसुदे तुझ्याकडे येणार आहेत, हे वाचून आनंद झाला. खासगी कंपनी आली की वन्यजीवही वाचतील आणि गावही सावरेल, असे तू लिहिले आहेस. तसे घडू शकते. मात्र कंपनी गावात दाता म्हणून येते की भाडेकरू म्हणून, यावर ते अवलंबून असते आणि हे नाते करारातच ठरते.

नामिबियात 1975 च्या कायद्याने खासगी जमिनीच्या मालकांना, म्हणजे प्रत्यक्षात गोऱ्या शेतकऱ्यांना, आपल्या जमिनीवरील वन्य प्राण्यांपासून उत्पन्न मिळवण्याचा हक्क दिला होता. सामुदायिक जमिनीवर राहणाऱ्यांना तो नव्हता. स्वातंत्र्यानंतर 1996 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि नोंदणी केलेल्या कॉन्झर्व्हन्सींनाही हा हक्क मिळाला. जमीन मात्र सरकारचीच राहिली. त्यामुळे कंपनीसमोर बसताना गावाच्या हाती सातबारा नसतो, वन्यजीव आणि पर्यटन यांवरचा हक्क तेवढा असतो, हे तू नीट ध्यानात ठेव.

वायव्येकडील तोरा कॉन्झर्व्हन्सीचा करार आधी वाच. तेथील बरीच कुटुंबे दक्षिण आफ्रिकेतील रीमवासमाक येथून वर्णद्वेषी राजवटीने 1970 च्या दशकात हुसकावून लावलेली आहेत. त्यांनी 1996 मध्ये विल्डरनेस सफारीज या कंपनीशी दामारालँड कॅम्पचा करार केला. कॉन्झर्व्हन्सीची नोंदणी 1998 मध्ये झाली. पाहुण्यांच्या मुक्कामाच्या भाड्यातून येणाऱ्या रकमेचे 10 टक्के गावाला मिळावेत, असे ठरले. हिस्सा नफ्यावर नव्हे, तर भाड्याच्या उत्पन्नावर लावला, हे मला त्या करारातील सर्वांत शहाणपणाचे कलम वाटते. मुख्यालयाचे व्यवस्थापन शुल्क, जाहिरात, घसारा, कर्जावरील व्याज असे खर्च दाखवून नफा कागदावर सहज नाहीसा करता येतो, तर किती पाहुणे किती रात्री राहिले हे कॅम्पवर काम करणाऱ्या गावच्या मुलीलाही मोजता येते. याच्या जोडीला पाहुणे येवोत वा न येवोत, दरवर्षी द्यायची एक किमान रक्कम लिहून घे. कंपनी कुरकुर करील; करू दे.

पैसा समितीच्या खात्यात जमा होतो आणि नुकसान एकेका घराचे होते, ही अडचण मात्र कोणत्याही टक्केवारीने सुटत नाही. हत्ती पाण्याच्या टाक्या आणि नळ फोडतात, सिंह शेळ्या नेतात. ज्याची शेळी गेली त्याला कॅम्पच्या उत्पन्नाचे आकडे ऐकवून उपयोग नाही. म्हणून नुकसानीसाठी वेगळा निधी, तो देण्याची मुदत आणि पंचनामा कोणी करायचा, हे कॉन्झर्व्हन्सीच्या नियमांत आधीच असले पाहिजे.

वाईट वर्षाचाही विचार कर. दक्षिण आफ्रिकेत 1969 मध्ये क्रूगर उद्यानाच्या उत्तर टोकातून काढलेल्या माकुलेके लोकांना 1998 मध्ये सुमारे 24,000 हेक्टर जमीन परत मिळाली. त्यांनी ती संरक्षणासाठीच राखून पर्यटनाचे मक्ते दिले. पण जानेवारी 2013 च्या पुराने तेथील पाफुरी कॅम्प वाहून नेला. 2020 मध्ये तर पूर नसतानाही करोनामुळे सगळीकडे पाहुणे येणे थांबले आणि गावच्या वनरक्षकांच्या पगाराचा प्रश्न उभा राहिला. एकाच कॅम्पवर सगळे पगार टांगलेले असतील, तर चांगल्या वर्षांतील रकमेचा काही भाग राखीव ठेवण्याची अट मसुद्यात घालणे तुला अवघड नाही.

नामिबियाच्या राजधानीत, विंडहुकला, पोहोचल्यावर जुने करार मागवून घे आणि मुदत संपल्यावर इमारती कोणाच्या होणार, हे कलम प्रत्येकात आहे का ते तपासून मला कळव.

तुझा,
एक जुना सहकारी