कोर्सची तारीख लागत नाही तोवर

"ताई, पोरगा एअर फोर्समध्ये अधिकारी झाला, पगार सुरू झाला, पण वर्ष होत आलं तरी विमानात पाऊल नाही. जिममध्ये टॉवेल देतो म्हणे! फोनवर धड बोलत नाही. त्याला म्हणावं का, सोड आणि ये घरी?"

टेक्सासमधल्या मराठी कुटुंबांसोबत समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी आला आहे. कधी आई विचारते, कधी नवी बायको, क्वचित मुलगा स्वतः. खालची हकीकत त्यातल्या एकाची, त्याच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. नावाऐवजी त्याला लेफ्टनंट म्हणते. त्याची आईही कौतुकाने 'आमचे लेफ्टनंट' असंच म्हणायची, निदान सुरुवातीला.

आधी ही व्यवस्था समजून घेऊ, कारण घरच्यांची अर्धी काळजी तिथेच अडकलेली असते. अमेरिकन एअर फोर्समध्ये पायलट होणारा आधी अधिकारी होतो. कोलोरॅडो स्प्रिंग्जची अकॅडमी, कॉलेजात राहून केलेलं आरओटीसी किंवा ऑफिसर ट्रेनिंग स्कूल, यातल्या एका वाटेने तो सेकंड लेफ्टनंट बनतो. उडायला शिकवतात ते त्यानंतर. आरओटीसीच्या मुलांना तर कमिशन मिळाल्यावर रुजू व्हायचा हुकूम यायलाच काही महिने लागू शकतात आणि तेवढे दिवस पगारही नसतो. रुजू झाल्यावर पगार सुरू होतो, पण पायलट ट्रेनिंगच्या वर्गात जागा नसेल तर हातात पडतं 'कॅज्युअल स्टेटस'. तळावर जिथे माणूस कमी, तिथे हा लेफ्टनंट. जिमच्या काउंटरवर, पाहुण्यांना तळ दाखवायला, फायली लावायला, दुसऱ्यांच्या पदवीदानात खुर्च्या मांडायला. नेव्हीतल्या एन्साइनांचंही (तिथले सर्वांत ज्युनियर अधिकारी) वेगळं नाही, त्यांच्यात अशा मुलांना 'स्टॅश' केलं म्हणतात. ब्रिटिश आरएएफमध्ये याला 'होल्डिंग' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात तर मँचेस्टरच्या हीटन पार्कमध्ये हजारो होतकरू वैमानिक परदेशी ट्रेनिंगला निघणाऱ्या बोटीची वाट बघत पडून असत. तेव्हा आपल्याच पोरावर कुणाचा डूख आहे, हा समज पहिल्यांदा काढून टाकावा.

रांग का लागते? वर्षाला साधारण १५०० पायलट तयार करायचे हे एअर फोर्सचं उद्दिष्ट, आणि ते वर्षानुवर्षं हुकत आलं आहे. आमचे लेफ्टनंट अडकले ते २०२३ मध्ये. ट्रेनिंगच्या पुढच्या टप्प्यात काही जणांना ज्या टी-३८ टॅलन विमानांवर शिकवतात, ती १९६१ पासून सेवेत आहेत. त्यांच्या जे-८५ इंजिनांची दुरुस्ती त्या वर्षी तुंबली होती. सिम्युलेटरवर शिकवणारे सिव्हिलियन इन्स्ट्रक्टर कमी पडत होते. टी-३८ च्या जागी येणाऱ्या टी-७ए चं कंत्राट २०१८ सालीच बोइंगला मिळालं, पण ते विमान अजून यायचं होतं. घाटात एक ट्रक बंद पडला की पार पायथ्यापर्यंत गाड्या उभ्या राहतात, तसं झालं. पायथ्याशी उभ्या असलेल्या गाडीत आमचा मुलगा.

आईला मी पहिल्याच फोनवर सांगितलं की त्याची इच्छा असेल तर त्याने स्वतः फोन करावा, आणि तो काय बोलला हे मी तुम्हाला सांगणार नाही. "मग मी फोन कशाला केला?" असं त्या म्हणाल्या. रास्त प्रश्न आहे. पण चोवीस वर्षांच्या अधिकाऱ्याचं समुपदेशन आईमार्फत होत नाही.

दोनेक आठवड्यांनी त्याचा फोन आला. त्याने आधी मलाच विचारलं, "मावशी, हे माझ्या मेडिकलमध्ये येणार का?"

ही भीती या मुलांमध्ये इतकी खोल असते की तिच्यापायी बरेच जण कुणाशीच बोलत नाहीत. ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावर डोळ्यांपासून डोक्यापर्यंत तपासणी होते तेव्हापासून 'मेडिकल जाईल', म्हणजे उडायला अपात्र ठरू, हा धाक मनात बसलेला असतो. मी त्याला स्पष्ट सांगितलं: ताण, कंटाळा, घरातले वाद यांवर कुणाशी बोललास एवढ्यावरून उडणं बंद होत नाही. निदान झालं, औषध सुरू झालं, तर मात्र ते फ्लाइट सर्जनच्या, म्हणजे वैमानिकांच्या डॉक्टरच्या नजरेखालून जातं, आणि तिथे विचारतील तेव्हा खोटं बोलायचं नाही. नुसतं मन मोकळं करायचं असेल तर तळावरच सोय आहे. तिथले मिलिटरी अँड फॅमिली लाइफ काउन्सेलर नोंदी ठेवत नाहीत, आणि चॅप्लेनशी, म्हणजे सैन्यातल्या धर्मगुरूशी केलेलं बोलणं पूर्ण गोपनीय असतं. चॅप्लेनकडे जायला ख्रिश्चन असावं लागत नाही, हे आपल्याकडच्या मुलांना बहुधा माहीतच नसतं.

त्याला हायसं वाटलं आणि मग तो धो धो बोलला, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत.

जिममधून एव्हाना त्याची बदली एका स्क्वाड्रनच्या स्नॅक बारवर झाली होती. हे काम एरवी सर्वांत ज्युनियर अधिकाऱ्याच्या गळ्यात पडतं आणि त्याला 'स्नॅको' म्हणतात. फ्रीज भरायचा, कुणी किती उधारी केली ते लिहायचं, शुक्रवारी हालपेन्यो घातलेले पॉपकॉर्न करायचे. वैमानिकांच्या स्क्वाड्रनमध्ये या पॉपकॉर्नला मोठा मान. मिरच्या तेलात पडल्या की त्याचा ठसका सगळ्या कॉरिडॉरमध्ये जायचा आणि फ्लाइट सूट घातलेली, त्याच्याच वयाची मुलं खोकत खोकत येऊन मूठ भरून न्यायची. "त्यांच्या खांद्यावर घामाचे डाग असतात, मावशी. माझ्या युनिफॉर्मला फोडणीचा वास येतो." एकदा डाएट कोक संपला म्हणून एका कॅप्टनने त्याला चारचौघांत सुनावलं. एअरोस्पेस इंजिनियरिंगची पदवी घेतलेल्या मुलाने त्यावर "येस सर" म्हटलं आणि दुकानात गेला.

'कुठलंच काम छोटं नसतं' असं मी त्याला ऐकवलं नाही. हे काम छोटंच आहे, आणि ते त्याला ठाऊक आहे. 'हे दिवस परत येणार नाहीत, मजा करून घे' हा सल्लाही मी देत नाही. त्याचे सीनियर तो रोज देत होते. ज्याला उद्या फोन येईल की सहा महिन्यांनी हे माहीत नाही, त्याला मजा करता येत नाही. तो गावाबाहेर जायला बिचकतो, क्लासची फी भरत नाही, घर भाड्याने घेतलं तरी खोकी उघडत नाही.

खोकी त्यानेही उघडली नव्हती. एक ताट, एक पातेलं, इन्फ्लेटेबल गादी. घरची भांडी पेटीतच.

बोलता बोलता त्याच्या तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या दिसू लागल्या. कंटाळा होता, तो उघड होता. पाणउतारा होता, तो कंटाळ्याच्या आडोशाने बोलत होता. तिसरी गोष्ट बाहेर यायला वेळ लागला. त्याच्या वर्गाची तारीख दुसऱ्यांदा पुढे गेली, त्या आठवड्यात मी विचारलं, ईमेल वाचल्यावर पहिल्या मिनिटाला काय वाटलं? म्हणाला, चीड. आणि पाचव्या मिनिटाला? बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "थोडं बरं वाटलं."

कॉलेजात असताना एका ओळखीच्याने त्याला छोट्या विमानातून फिरवून आणलं होतं. दोन वळणांत त्याला भडभडून उलटी झाली. ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नव्हती, ना घरी, ना मित्रांना. वाट बघतोय तोवर तो 'होणारा पायलट' होता. तारीख आली असती तर कदाचित नापास झालेला पायलट झाला असता. म्हणजे ज्या रांगेला तो शिव्या घालत होता, तीच त्याला जपतही होती.

वाट बघणाऱ्या माणसाच्या त्राग्याखाली असं काही असतं का, हे मी आता नेहमी तपासते. यूपीएससीच्या मुलांमध्ये दिसतं, लग्न लांबणीवर टाकणाऱ्यांमध्ये दिसतं. ते असेल तर वेळेच्या सदुपयोगाचे कितीही तक्ते करून भिंतीला लावा, उपयोग होत नाही.

उलटीचं म्हणाल तर त्यावर उपाय आहेत. नव्या विद्यार्थ्यांना हवेत मळमळणं ही इतकी नेहमीची बाब आहे की ट्रेनिंगच्या तळांवर त्यासाठी बॅरनी चेअर असते: गरगर फिरणारी खुर्ची, तिच्यावर बसवून शरीराला हळूहळू सवय लावतात. ही माहिती मी त्याला दिली खरी, पण माझ्या तोंडून ती ऐकून त्याला फारसा फरक पडला नसता. म्हणून त्याला सुचवलं की ज्या कॅप्टनच्या हाताखाली आहेस त्याला सरळ विचार, स्नॅक बारऐवजी टी-६ या सुरुवातीच्या ट्रेनिंग विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये शेड्युलिंगला माणूस लागतो का? कॅज्युअल लेफ्टनंट बदली मागायला लाजतात, वाटतं तोंडावर नाही म्हणतील. फार तर नाही म्हणतील. याला हो म्हणाले, अर्थात बरेच आठवडे घोळ घालून.

तिथेही काम रटाळच. कोणता विद्यार्थी, कोणतं विमान, किती वाजता. दुपारी ढग आले की सगळं खोडून पुन्हा मांडायचं. पण त्या खोलीत बसून त्याला दिसलं की कालचा उलटी करून आलेला पोरगा आज पुन्हा बोर्डावर आहे. सकाळच्या स्टँड-अपमध्ये इन्स्ट्रक्टर एखाद्याला उभं करून आणीबाणीचा प्रसंग देतात, त्याची त-त-प-प होते, त्याला खाली बसवतात, आणि तोच पुढच्या महिन्यात एकट्याने उडून, म्हणजे सोलो करून येतो आणि सोबती त्याला पाण्यात बुडवतात. पास आणि नापास यांच्यामधली मोठी जागा त्याने पहिल्यांदा पाहिली.

अभ्यासाचंही ठरवावं लागलं. आधी तो रात्री पाच-पाच तास मॅन्युअल वाचायचा आणि मग तीन आठवडे पुस्तकाला हात लावायचा नाही. आम्ही फक्त बोल्डफेस ठेवलं. इंजिन बंद पडलं, आग लागली, अशा प्रसंगांची ठरलेली वाक्यं. त्यात एका शब्दाचा फरक चालत नाही आणि कोर्स कधीही सुरू झाला तरी ती लागणारच. रोज अर्धा तास, खुर्चीत बसून, भिंतीवर कॉकपिटचं चित्र आणि हातात स्टिकच्या जागी संडास साफ करायचा नवा कोरा प्लंजर. हसू नका, कित्येक पायलट असेच शिकले आहेत. बाकीचा अभ्यास वर्ग लागल्यावर. आणि खोकी उघडायची. 'महिन्याभरात निघावं लागलं तर?' तर पुन्हा भरायची.

आता घरच्यांचं. आईबाबांशी मी वेगळं बोलले, त्याच्या संमतीने. बाबांचा हिशेब असा की मित्राचा मुलगा ऑस्टिनला सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि यानं आयुष्याचं एक वर्ष घालवलं. हिशेबच करायचा तर पुरता करावा. वाट बघण्याचा काळ नोकरीत धरला जातो. दोन वर्षं झाली की तो फर्स्ट लेफ्टनंट होतो, कोर्स झालेला असो वा नसो. पण पायलटवर १० वर्षांच्या सेवेचं जे बंधन असतं, ते विंग्ज, म्हणजे कोर्स पुरा झाल्यावरचा पायलटचा बिल्ला, मिळाल्यापासून मोजतात, म्हणजे हे वर्ष त्यात धरलं जात नाही. बाबांना हे दुसरं वाक्य आवडलं नाही. मी ते मुद्दाम सांगितलं, कारण मुलाला ते माहीत होतं आणि त्याने घरी लपवलं होतं.

आईसाठी एकच गोष्ट होती: तारीख विचारू नका. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सांगलीहून आजीही यायची आणि तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "काय रे, विमान कधी चालवणार?" मुलाला एका आठवड्यात तेच उत्तर दोनदा द्यावं लागायचं. तारीख लागली की तो स्वतःहून सांगणार आहे, लपवण्यासारखी बातमीच नाही ती. आईंना जमलं. आजीला नाही जमलं, आणि त्या वयात कुणी जमवायला सांगूही नये.

मात्र एक सावधगिरी. झोप उडाली आहे, एकट्याने पिणं वाढलंय, जगण्यातच अर्थ वाटत नाही असं बोलणं सुरू झालंय, तर हा कंटाळा नाही आणि तिथे मेडिकलचा विचार मागे ठेवायचा. अमेरिकेत ९८८ वर फोन करून १ दाबलं की सैनिकांसाठीची क्रायसिस लाइन मिळते, दिवसरात्र. आमच्या लेफ्टनंटवर ती वेळ आली नाही. दारूच्या नशेत गाडी चालवताना पकडला गेलेला त्याचा एक सोबती मात्र वर्ग लागण्याआधीच यादीतून गेला.

त्याचा वर्ग लागला. टी-६ वर पहिल्या काही उड्डाणांत त्याला व्हायचं ते झालंच, पिशवी भरली, बॅरनी चेअरवरही बसावं लागलं. नंतर पोट सुधारलं. विंग्ज मिळाल्या आणि वाट्याला सी-१७ आलं, ते अजस्र मालवाहू विमान. त्याचं ट्रेनिंग ओक्लाहोमातल्या अल्टसला होतं आणि तिथेही रांग होतीच. त्यामुळे विंग्ज लावलेला हा मुलगा पुन्हा कुणाच्या तरी ऑफिसात फायली लावत बसला.

या वेळी आईंचा फोन आला तो वेगळ्याच कारणासाठी. आता मुली बघायला सुरुवात करावी का, आणि त्याला मी तसं सुचवेन का? हे माझं काम नाही असं मी सांगितलं. त्यांना ते पटलेलं नाही. परवा पुन्हा मेसेज होता.