नाव विचारू नका, जागा विचारा

“शाळेत काहीतरी होतंय, पण विचारलं की गप्प बसतो.” मुलांच्या समुपदेशनाच्या माझ्या कामात हे वाक्य इतक्या पालकांकडून ऐकलंय की आता एका मुलाची गोष्टच सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा सहावीतला. रोज सकाळी पोट दुखायचं, सुट्टीच्या दिवशी नाही. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघालं नव्हतं. पहिल्या दोन भेटींत तो जवळजवळ बोललाच नाही. आई मात्र काकुळतीला येऊन विचारत होती, “अरे, नाव तरी सांग, कोण त्रास देतं?”

तिसऱ्या भेटीत मी कागद आणि खडू पुढे केले. “शाळेचा नकाशा काढ. बरं वाटतं तिथे हिरवा, नको वाटतं तिथे लाल.”

वर्ग हिरवा झाला. स्वच्छतागृहाकडे जाणारा बोळ मात्र त्याने इतका दाबून रंगवला की खडू मोडला.

“इथे सर, मॅडम कोण असतात?”

“कुणीच नाही.”

“मग तू जातोस कधी?”

“जातच नाही. पाणीच पीत नाही.”

आई एकदम म्हणाली, “बाटली रोज भरलेलीच परत येते.”

मुलांच्या जगात नाव सांगणं म्हणजे चुगली. जागा दाखवण्यात चुगली नसते, म्हणून तिथे जीभ सुटते. मूल कणखर करण्याआधी त्याच्या भोवतालची जागा बघावी, असं मी पहिल्यापासून मानत आले. त्या दिवशी ते पुन्हा पटलं.

दोघांच्या संमतीने, त्याचं नाव न घेता, मी शाळेला सगळ्यांकडून असे निनावी नकाशे मागवायला सुचवलं, शिक्षकांकडूनही. त्यांचाही तोच बोळ लाल निघाला! एक शिक्षिका म्हणाल्या, “मोठ्या मुलांचा घोळका असतो. एकटीने हटकलं आणि तक्रार माझ्यावरच आली तर?” ज्या जागेला शिक्षकच बिचकतात, तिथे मुलाने धीट व्हावं ही अपेक्षा अन्यायाची आहे.

नॉर्वेत १९८३ मध्ये शाळांतल्या दादागिरीविरुद्ध देशभर मोहीम निघाली, तेव्हा दान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांनीही मधल्या सुट्टीतल्या देखरेखीवर भर दिला होता. या शाळेने तिथे दोन-दोन शिक्षकांची पाळी लावली. हटकणाऱ्याने त्याच दिवशी वहीत नोंद करायची आणि मुख्याध्यापकांनी त्याच्या पाठीशी उभं राहायचं, हेही ठरलं.

पालकांनो, घरीही असाच नकाशा काढून घ्या. लाल दिसलं तर लगेच ‘कोण?’ विचारू नका. ‘किती वाजता?’ आणि ‘तेव्हा जवळ मोठं कोण असतं?’ एवढंच विचारा आणि ते घेऊन वर्गशिक्षकांना भेटा.

आता बाटली रिकामी येते. परीक्षेच्या दिवशी पोट अजून दुखतं; त्यावर आमच्या भेटी चालू आहेत.