वडिलांना कोलायटिस आहे, तर मी जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

आपण म्हापशाहून विचारले आहे की, वडिलांना अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येण्याचा दीर्घकाळचा विकार) आहे, आपले वय २६ आहे, त्रास काहीच नाही. अशा वेळी जनुकीय चाचणी करून घ्यावी का? माझ्या मते, आज तरी नको. मी डॉक्टर नाही, फोंड्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पण माझ्या धाकट्या भावाला क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा त्याच जातीतला दुसरा विकार आहे, त्यामुळे हा विषय आमच्या घरी बराच चघळून झाला आहे.

हे दोन्ही विकार मेंडेलच्या वाटाण्यांसारखे सरळ हिशेबाने पुढच्या पिढीत उतरत नाहीत. त्यांच्याशी संबंध असलेली २०० हून अधिक ठिकाणे आपल्या जनुकसंचात सापडली आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा एकेकट्याचा वाटा अगदी किरकोळ आहे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला कोलायटिस असला, तरी दुसऱ्याला बहुधा होत नाही. क्रोन्समध्ये हे प्रमाण जास्त असले, तरी तेही शंभर टक्क्यांच्या जवळपास जात नाही. वडिलांमुळे आपला धोका इतरांपेक्षा वाढतो हे खरे, परंतु अशा रुग्णांच्या बहुसंख्य मुलांना हा विकार कधीच होत नाही.

आता चाचणीविषयी. २००१ साली सोळाव्या गुणसूत्रावरील नॉड२ या जनुकाचा क्रोन्सशी संबंध उघड झाला. जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे पेशीच्या आत ओळखणारे प्रथिन हे जनुक घडवते. मात्र त्यातील जे तीन बदल युरोपीय रुग्णांत वारंवार आढळतात, ते भारतीयांत जवळजवळ नसतातच. भावाने हौसेने एका खाजगी प्रयोगशाळेत चाचणी केली, तेव्हा अहवालात ‘क्रोन्सचा धोका सरासरीपेक्षा कमी’ असे छापून आले. त्याच फायलीत लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील व्रणांचा बायोप्सी अहवालही लावलेला होता! कोलायटिसमध्ये तर नॉड२ पेक्षा सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए या प्रतिकारशक्तीशी निगडित भागाचे वजन जास्त असते, आणि त्यावरूनही निरोगी माणसाचे भविष्य सांगता येत नाही.

एक जनुक मात्र मी आवर्जून तपासायला सांगेन, आणि तेही आपले नव्हे, वडिलांचे. एनयूडीटी१५ मधील एक बदल आशियाई लोकांत युरोपीयांपेक्षा बराच जास्त आढळतो आणि तो असलेल्यांना अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे, या विकारांत दिले जाणारे औषध नेहमीच्या मात्रेत झेपत नाही. भावाला हे औषध सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात उशीच्या अभ्र्यावर केसांचे पुंजकेच्या पुंजके दिसू लागले आणि रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरल्या. औषध लगेच थांबवले म्हणून निभावले. ही चाचणी आधी करा असे आम्हाला कोणी सुचवले नव्हते. वडिलांना हे औषध अजून सुरू झाले नसेल, तर डॉक्टरांकडे आधी एवढे विचारावे.

आपल्यापुरते म्हणाल, तर चवथीला मूळ घरी सगळे जमतील तेव्हा काका-आत्यांकडे चौकशी करावी. आमच्या आत्याने शौचातून रक्त पडत असताना ‘मूळव्याध’ म्हणून तीन वर्षे चूर्ण घेतले आणि घरात ब्रही काढला नाही. आपल्याला काही आठवडे जुलाब राहिले, रक्त दिसले किंवा कारण नसताना वजन घटले, तर वडिलांचा आजार डॉक्टरांना आधीच सांगून शौचाची कॅलप्रोटेक्टिन चाचणी (आतड्याला सूज आहे का ते दाखवणारी) करावी का, ते विचारावे.